हिंगोली जिल्ह्यातील शांत सायकलमार्ग

ग्रामीण महाराष्ट्राच्या जीवनात सायकलचे स्थान जुने आणि जिव्हाळ्याचे आहे. दुधाच्या किटल्या, टपालाची थैली, शाळेचे दप्तर आणि बाजाराची पिशवी या सर्वांचा भार सायकलने वर्षानुवर्षे वाहिला. कालांतराने मोटारसायकल आली, रस्ते रुंद झाले, वाहनांचा वेग वाढला आणि सायकलस्वार मोठ्या रस्त्याच्या कडेला ढकलला गेला. तथापि, गेल्या काही वर्षांत आरोग्य, पर्यटन आणि इंधनबचत या तिन्ही कारणांनी सायकलचा विचार पुन्हा होऊ लागला आहे. शहरांत त्यासाठी स्वतंत्र मार्गिका बांधाव्या लागतात. हिंगोलीसारख्या जिल्ह्यात मात्र असे मार्ग नव्याने बांधण्याची आवश्यकता नाही. डोंगरउतारावरून, शेतशिवारातून आणि गावागावांमधून जाणारे कमी वर्दळीचे रस्ते येथे पूर्वीपासून आहेत. ते ओळखणे, एकमेकांस जोडणे आणि सांभाळणे एवढेच काम शिल्लक आहे. हे काम मोठ्या खर्चाचे नसले, तरी त्यासाठी ग्रामपंचायत, शाळा आणि बांधकाम विभाग यांनी एकत्रितपणे विचार करावयास हवा.

दोन खोऱ्यांमधील डोंगरधार

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याच्या विभाजनातून अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत असे त्याचे पाच तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ११ लाख ७७ हजारांच्या घरात होती आणि तिच्यातील बहुसंख्य लोक खेड्यांत राहणारे होते.

जिल्ह्याच्या उत्तर व ईशान्य सीमेवरून पैनगंगा वाहते. मध्यभागातून कयाधू, तर दक्षिण भागातून पूर्णा जाते. अजिंठ्याच्या डोंगररांगेचे पूर्वेकडे पसरलेले फाटे या नद्यांच्या मध्ये उभे आहेत. हे डोंगर फार उंच नाहीत. सह्याद्रीतील घाटांसारखी दीर्घ चढण येथे आढळत नाही. काळ्या पाषाणाचे उतार, त्यांवर मुरमाचा पातळ थर, पळस, सीताफळ आणि खुरट्या सागाची झाडी, तर खाली खोऱ्यात काळी कसदार जमीन, असे येथील सर्वसाधारण दृश्य आहे. एक चढ संपला की लगेच उतार लागतो आणि उताराच्या पायथ्याशी बहुधा एखादा ओढा व त्याच्या काठी गाव असते. सायकलच्या प्रवासास ही भूरचना विशेष अनुकूल आहे. दीर्घकाळ दम टिकवावा लागत नाही आणि सपाट रस्त्याचा कंटाळाही येत नाही.

औंढ्याच्या परिसरातील डोंगरधार ही एक जलविभाजक रेषाही आहे. तिच्या उत्तरेस पडणारे पाणी कयाधूमार्गे पैनगंगेस मिळते. पुढे ते वर्धा आणि प्राणहिता या नद्यांतून प्रवास करीत सिरोंच्याजवळ गोदावरीत पोहोचते. दक्षिणेस पडणारे पाणी पूर्णा व आसना या नद्यांतून थेट मराठवाड्यातच गोदावरीस जाऊन मिळते. एकाच डोंगरावर पडलेल्या पावसाच्या दोन सरी अशा प्रकारे शेकडो किलोमीटर दूर पुन्हा एकत्र येतात. भूगोलाच्या पुस्तकातील हा धडा सायकलवरून धार ओलांडणाऱ्या विद्यार्थ्यास अर्ध्या दिवसात प्रत्यक्ष पाहता येतो.

रस्त्यांची प्रतवारी आणि शांत रस्त्याची ओळख

देशातील रस्त्यांचे राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा व ग्रामीण असे वर्गीकरण १९४३ च्या नागपूर योजनेपासून रूढ झाले. महाराष्ट्रात आज राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग असे प्रकार मानले जातात. यांपैकी शेवटचे दोन प्रकार जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत येतात. सायकलच्या दृष्टीने महत्त्वाचे रस्ते प्रामुख्याने हेच होत.

रस्ता कोणत्या प्रकारचा आहे हे त्याच्या कडेच्या किलोमीटरच्या दगडावरूनही समजते. दगडाचा माथा पिवळा असल्यास राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असल्यास राज्य मार्ग आणि नारिंगी असल्यास ग्रामीण रस्ता समजावा. पिवळ्या माथ्याचा दगड दिसल्यास सायकलस्वाराने तो रस्ता शक्य तितक्या लवकर सोडावा आणि नारिंगी दगडाच्या दिशेने वळावे, असा साधा नियम सांगता येईल.

मराठवाड्यातील अनेक ग्रामीण रस्त्यांची पहिली माती १९७२ च्या दुष्काळी कामांवर पडली. खडी फोडणाऱ्या आणि टोपल्यांनी मुरूम वाहणाऱ्या मजुरांनी तयार केलेल्या या कच्च्या रस्त्यांचे पुढे टप्प्याटप्प्याने खडीकरण व डांबरीकरण झाले. २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने आणि नंतर मुख्यमंत्री ग्रामसडक योजनेने या कामास गती दिली. बहुतेक ग्रामीण रस्त्यांचा डांबरी भाग पावणेचार मीटर किंवा त्याहूनही कमी रुंदीचा असतो. समोरून ट्रॅक्टर आल्यास एकाला साइडपट्टीवर उतरावे लागते. या अरुंदपणामुळेच अशा रस्त्यांवर अवजड वाहतूक येत नाही आणि त्यांची शांतता टिकून राहते.

शांततेला येथे आणखी एक संदर्भ आहे. गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा औंढा नागनाथ तालुक्यातील दुधाळा परिसरात उभारण्याचे ठरले आहे. या प्रकल्पास २०१६ मध्ये तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह अंतिम मान्यता मिळाली. प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असलेल्या या यंत्रणेस अत्यंत सूक्ष्म हालचाल मोजावयाची असते. म्हणून तिला भूकंपाच्या व वाहतुकीच्या कंपनांपासून शक्य तितकी मुक्त अशी जमीन लागते. जिल्ह्याची शांतता ही एक संपत्ती आहे, हे शास्त्रज्ञांनी ओळखले. ग्रामस्थांनी आणि प्रशासनानेही ते ओळखणे अगत्याचे आहे.

तीन मार्ग

पहिला मार्ग नरसी ते औंढा नागनाथ असा आहे. कयाधूच्या काठी वसलेले नरसी हे परंपरेनुसार संत नामदेवांचे जन्मस्थान होय. औंढा नागनाथ येथील यादवकालीन, हेमाडपंती शैलीचे शिवमंदिर प्रसिद्ध असून नामदेव आणि त्यांचे गुरू विसोबा खेचर यांची भेट येथेच झाली, अशी श्रद्धा आहे. शेगावहून पंढरपूरकडे निघणारी गजानन महाराजांची पालखी सेनगाव, नरसी, औंढा या भागातून परभणीकडे जाते. ज्या रस्त्याने वारकरी पायी चालतात, तो रस्ता सायकलस्वारास परका नाही. २०२२ मध्ये संत नामदेवांच्या स्मरणार्थ पंढरपूर ते पंजाबातील घुमान अशी सायकल यात्राही निघाली होती. हिंगोलीहून नरसीला जावे, तेथून गावोगावच्या रस्त्यांनी दक्षिणेकडील डोंगरधार ओलांडून औंढ्यास पोहोचावे आणि हिंगोलीस परतावे, अशी ही एका दिवसाची फेरी होते. औंढा ते हिंगोली हे सुमारे २५ किलोमीटरचे अंतर मुख्य रस्त्याने कापावयाचे असल्यास ते सकाळच्या वेळी कापणे चांगले. श्रावणातील सोमवारी आणि महाशिवरात्रीच्या काळात औंढ्याकडे वाहनांची रीघ लागते. ते दिवस या फेरीसाठी टाळावेत.

दुसरा मार्ग औंढ्याहून पूर्णेच्या खोऱ्यात सिद्धेश्वर धरणाकडे उतरतो. येलदरी आणि सिद्धेश्वर ही पूर्णा प्रकल्पाची दोन धरणे असून त्यांच्या कालव्यांनी वसमतचा परिसर हिरवा केला आहे. डोंगरावरील कोरडवाहू सोयाबीन व तुरीची शेते मागे टाकून खाली येताच हळद, ऊस आणि केळी दिसू लागतात. धरण आणि कालवा यांनी एका पिढीत काय बदल घडविला, हे या उतारावरून स्पष्टपणे दिसते. वसमतच्या हळदीस २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. जानेवारी ते मार्च या काळात गावोगाव हळद शिजविण्याचे व वाळविण्याचे काम चालते.

तिसरा मार्ग कळमनुरीहून पैनगंगेवरील इसापूर धरणाकडे जातो. ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाचे हे मुख्य धरण. या बाजूच्या डोंगरांत आंध आदिवासींची वस्ती असलेली गावे आहेत. हिवाळ्यात जलाशयावर पाणपक्षी उतरतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलतो, तेव्हा या रस्त्यांचे रूप काही वेगळेच असते. मात्र, मार्गात दुकाने व दुरुस्तीची सोय कमी असल्याने पुरेसे पाणी आणि पंक्चरचे साहित्य जवळ ठेवणे आवश्यक ठरते.

बाहेरून येणाऱ्यांसाठी हिंगोली हे पूर्णा-अकोला लोहमार्गावरील स्थानक सोयीचे आहे.

पहिला हक्क विद्यार्थ्यांचा

सायकलमार्ग म्हटले की पर्यटकांचे चित्र डोळ्यांसमोर येते. वस्तुतः या रस्त्यांवर आज सर्वाधिक नियमितपणे सायकल चालविणारा वर्ग विद्यार्थ्यांचा आहे आणि त्यांत मुलींचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. गावात सातवीपर्यंत शाळा असते. पुढील शिक्षणासाठी शेजारच्या गावी जावे लागते. मधले चार-पाच किलोमीटर हेच अनेक मुलींच्या शिक्षणातील शेवटचे अंतर ठरते.

या दृष्टीने बिहारचा अनुभव उद्बोधक आहे. तेथे २००६ मध्ये नववीतील मुलींना सायकलीसाठी रक्कम देण्याची योजना सुरू झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी तिचा अभ्यास केला असता माध्यमिक शाळेत योग्य वयात प्रवेश घेणाऱ्या मुलींचे प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांनी वाढल्याचे आणि मुलामुलींमधील तफावत ४० टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले. शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून दूर असलेल्या गावांत हा लाभ अधिक होता. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमांतर्गत मागास तालुक्यांतील, शाळेपासून पाच किलोमीटरच्या परिसरात राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी साहाय्य देण्यात आले. २०२२ मध्ये ही रक्कम ३,५०० वरून ५,००० रुपये करण्यात आली. हिंगोली जिल्ह्याचा या कार्यक्रमात समावेश झाला.

सायकल दिल्याने अर्धे काम होते. ती ज्या रस्त्यावर चालणार, तो रस्ता सुरक्षित नसेल तर पालक मुलीस सायकलवर पाठविण्यास धजत नाहीत. साइडपट्टीवर वाढलेली बाभळीची झुडपे, वळणावर न दिसणारे वाहन, पावसाळ्यात पाण्याखाली जाणारा फरशी पूल आणि काटेरी फांद्यांनी होणारे पंक्चर या गोष्टी क्षुल्लक वाटतात. परंतु, मुलगी शाळेत जाणार की घरी राहणार, हे बऱ्याचदा त्यांवरच ठरते. जो रस्ता आठवीतील मुलीस निर्धास्तपणे जाता येईल असा आहे, तोच रस्ता पाहुण्या सायकलस्वारासही उत्तम असतो. म्हणून मार्ग निवडताना सुरुवात शाळेपासून करावी.

सुधारणा आणि वेग यांचा पेच

येथे एक अडचण उद्भवते. खड्डे पडलेला रस्ता सायकलला नकोसा असतो. त्याचे डांबरीकरण झाले की तो सुखकर होतो. परंतु त्याच गुळगुळीत रस्त्यावर मोटारसायकली, जीप आणि खडीचे टिप्पर वेगाने धावू लागतात. जी सुधारणा सायकलला अनुकूल म्हणून हवीशी वाटते, तीच थोड्याच काळात सायकलला रस्त्यावरून हटविते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, वाहनांच्या सरासरी वेगात १ टक्का वाढ झाली तर प्राणघातक अपघाताचा धोका सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो. सायकलस्वारास लोखंडी कवच नसते. त्यामुळे या वाढीचा पहिला फटका त्यालाच बसतो.

अकोला, वाशीम, हिंगोली, नांदेड असा जाणारा राष्ट्रीय महामार्ग १६१ चौपदरी झाल्याने दूरच्या वाहतुकीची मोठी सोय झाली. अवजड वाहने अशा महामार्गावर राहिली, तर आतील रस्ते आपोआप शांत राहतील. मात्र जवळचा मार्ग म्हणून ती वाहने ग्रामीण रस्त्यांत शिरू लागली, तर अरुंद रस्ता खचतो आणि त्याची शांतताही संपते. ग्रामीण रस्त्याची सुधारणा करताना त्याचा पृष्ठभाग चांगला करावा आणि वेग मर्यादित ठेवावा, या दोन गोष्टी एकाच वेळी साधणे अवश्य आहे.

याचे तंत्र अवघड नाही. शाळा, वस्ती व फाटा यांच्या अलीकडे प्रमाणित गतिरोधक असावेत. भारतीय रस्ते काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शक सूचनांत ३.७ मीटर रुंद व १० सेंटिमीटर उंच, गोलसर गतिरोधकाचा नमुना दिला आहे. अनेक गावांत आढळणारा अरुंद व टोकदार उंचवटा सायकलस्वारालाच पाडतो. तो गावाने आपल्या हाताने घालू नये. वळणाच्या आतील बाजूची झुडपे छाटली, तर समोरचे वाहन वेळेत दिसते. साइडपट्टीचा मुरूम दाबून डांबराच्या पातळीस आणला, तर वाहनाला वाट देताना सायकल घसरत नाही.

अल्प खर्चातील जोडणी

रस्ते नव्याने न बांधता सायकलमार्गांचे जाळे कसे निर्माण करावे, याचे उत्तम उदाहरण बेल्जियममधील लिम्बुर्ग प्रांतात सापडते. तेथे खाणींचा व्यवसाय मंदावल्यावर ह्यूगो बोलेन या खाण अभियंत्याने एक साधी कल्पना पुढे आणली. शांत रस्ते जेथे एकमेकांस मिळतात त्या प्रत्येक फाट्यास क्रमांक द्यावा आणि तेथील पाटीवर पुढील फाट्यांचे क्रमांक बाणांसह लिहावेत. सायकलस्वाराने चार-पाच क्रमांक कागदावर टिपून घेतले की त्याचा मार्ग तयार होतो. १९९५ मध्ये सुरू झालेली ही पद्धत पुढे बेल्जियमभर व नेदरलँड्समध्ये पसरली. इंग्लंडमध्ये २००० च्या वाहतूक कायद्याने काही ग्रामीण रस्त्यांना ‘शांत मार्ग’ म्हणून घोषित करण्याची तरतूद झाली. दिवसाला साधारण १,००० पेक्षा कमी मोटारवाहने जाणारे रस्ते त्यासाठी योग्य मानले जातात.

आपल्याकडे फाटा ही संस्था जुनीच आहे. प्रत्येक फाट्यावर एखादे झाड, चहाची टपरी आणि एस.टी.ची वाट पाहणारी चार माणसे असतात. तेथे दगडावर रंगाने क्रमांक, बाण व अंतर लिहिले तरी काम भागते. अनोळखी माणसाला वाट विचारण्याची सोय तर तेथे असतेच.

ग्रामपंचायत आणि शाळा यांचे कार्य

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या अनुसूचीत गावातील रस्त्यांची देखभाल, दिवाबत्ती आणि रस्त्याच्या कडेला वृक्षलागवड या विषयांचा समावेश आहे. त्यामुळे पुढील कामे ग्रामपंचायतीच्या आवाक्यातील म्हणता येतील. पावसाळा संपताच आपल्या हद्दीतील साइडपट्टीची झुडपे तोडणे व तोडलेले काटे रस्त्यावर पडू न देणे, फरशी पुलावर पाण्याची खोली दर्शविणारा खांब रंगवून ठेवणे, फाट्यावर पाटी लावणे आणि शाळेच्या वाटेवर सावली देणारी झाडे लावणे, ही त्यांतील प्रमुख होत. रस्ता जिल्हा परिषदेचा असल्यास गतिरोधक व दुरुस्तीची मागणी ग्रामसभेच्या ठरावाने पाठवावी. एकाच रस्त्यावरील तीन-चार गावांनी मिळून असा ठराव केल्यास त्याचे वजन वाढते.

शाळेचे काम याच्या आधीचे आहे. कोणते विद्यार्थी कोणत्या रस्त्याने सायकलवर येतात, याचा एक नकाशा भूगोलाच्या तासाला तयार करता येईल. सकाळी व सायंकाळी फाट्यावर एक तास उभे राहून जाणाऱ्या वाहनांची प्रकारवार मोजणी करणे हा गणिताचा चांगला उपक्रम ठरेल. धोक्याची वळणे विद्यार्थी स्वतःच दाखवून देतात. असा नकाशा आणि अशी मोजणी ग्रामसभेपुढे आली, तर चर्चा अंदाजावर न होता आकड्यांवर होते.

चढ, उतार आणि ऋतू

चढणीचे मोजमाप सोपे आहे. शंभर मीटर अंतरात रस्ता पाच मीटर वर गेला तर तो पाच टक्क्यांचा चढ होय. सपाट व लहरी प्रदेशातील रस्त्यांसाठी तीस मीटरला एक मीटर हा चढ सर्वसाधारण मर्यादा मानला जातो. गिअर नसलेल्या साध्या सायकलवर याहून तीव्र चढ चढणे कष्टाचे असते. अशा वेळी उतरून पायी चालण्यात कमीपणा मानू नये. खरा धोका उतारावर असतो. दोन्ही ब्रेक तपासल्याशिवाय उतारास लागू नये, ओल्या रस्त्यावर चाक लवकर थांबत नाही हे लक्षात ठेवावे आणि पायथ्याशी ओढ्यावरील पूल व गुरे असतात असे गृहीत धरूनच वेग ठेवावा.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ या प्रवासास सर्वोत्तम आहे. पावसाळ्यात डांबरी रस्ता सोडून पाणंद रस्त्याने जाऊ नये. काळी माती चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये भरली की सायकल जागची हलत नाही. उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत प्रवास पूर्ण करावा. गाळप हंगामात उसाचे ट्रॅक्टर रात्री उशिरापर्यंत धावतात आणि पुष्कळ ट्रॉल्यांच्या मागे दिवा नसतो. म्हणून वसमतच्या बाजूला अंधारात सायकल चालविणे टाळावे. शाळेतून परतणाऱ्या प्रत्येक सायकलला मागील बाजूस लाल परावर्तक असावा, याची खात्री शिक्षकांनी करून घ्यावी.

डोंगर, नद्या, तीर्थस्थाने आणि धरणे यांचा असा शांत संगम थोड्या जिल्ह्यांच्या वाट्यास येतो. पर्यटनाने त्यात भर पडेल, चहाच्या टपरीस चार गिऱ्हाइके मिळतील आणि एखाद्या कुटुंबास पाहुणे ठेवण्याचा जोडधंदाही लाभेल. परंतु रस्त्याची खरी परीक्षा जून महिन्यात शाळा उघडल्यावर होते. त्या वेळी आठवीत गेलेली किती मुले-मुली सायकलवर बसून शेजारच्या गावी निघाली, याची नोंद प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या दप्तरी ठेवावी. ती संख्या वर्षागणिक वाढत असेल, तर त्या गावचा रस्ता चांगला आहे असे खुशाल समजावे.